सेकंडहँड प्लेस्टेशन २ घेताना: फॅट की स्लिम, आणि नेमकं कोणतं मॉडेल?

जुने कन्सोल जमवायचे ठरवले तर आपल्याकडे सुरुवात प्लेस्टेशन २ पासून करावी, असं माझं ठाम मत आहे. मार्च २००० मध्ये तो जपानमध्ये आला, २०१३ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं, आणि मधल्या काळात जगभर १५ कोटींहून जास्त कन्सोल विकले गेले. भारतात त्याची अधिकृत विक्री झाली, गावोगावी तो पोचला, त्यामुळे आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत तो सापडतो आणि सुटे भागही मिळतात. शिवाय त्यावर प्लेस्टेशन १ च्या डिस्कही चालतात, म्हणजे एका कन्सोलमध्ये दोन पिढ्यांचे गेम.

अडचण अशी की विक्रेता ‘पीएसटू आहे, चालू आहे’ एवढंच सांगतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कन्सोलमध्ये आतून मोठा फरक असतो. म्हणून फोटो मागताना आधी मागच्या किंवा तळाच्या लेबलाचा मागा. त्यावर एससीपीएच आणि पुढे पाच आकडे असतात. पहिले आकडे मालिका सांगतात, शेवटचा आकडा प्रदेश सांगतो: ० जपान, १ उत्तर अमेरिका, २ ऑस्ट्रेलिया, ३ ब्रिटन, ४ युरोप. भारतात विकल्या गेलेल्या डिस्क पाल पद्धतीच्या (युरोप-ऑस्ट्रेलियात चालणाऱ्या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे वरच्या यादीतल्या २, ३, ४ च्या) आहेत, म्हणून इथल्या डिस्क जमवायच्या असतील तर कन्सोलही पालच हवा. अमेरिकेतून कोणी आणलेला, शेवटी १ असलेला कन्सोल कितीही चकचकीत असला तरी इथली डिस्क टाकली की लाल स्क्रीन दाखवतो. त्यात दुसराही धोका आहे. अमेरिकेतले फॅट, म्हणजे आधीच्या जाड आकाराचे कन्सोल १२० व्होल्टचे आणि जपानचे १०० व्होल्टचे असतात. पॉवर सप्लाय आतच असल्याने थेट आपल्या २३० व्होल्टला लावला की तो उडतो. असा कन्सोल घ्यायचाच असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरा.

आता निकाल. पहिला आणि एकच घेणार असाल तर ५०००० मालिकेचा फॅट घ्या.

२००३ मध्ये आलेल्या या मालिकेचा पंखा आधीच्या फॅट मॉडेलपेक्षा शांत आहे, डीव्हीडी रिमोटचा इन्फ्रारेड रिसीव्हर आतच आहे, आणि मुख्य म्हणजे मागे एक्सपान्शन बे, म्हणजे जादा भाग बसवायची जागा आहे. या बेमध्ये नेटवर्क अॅडॉप्टर बसतो आणि त्याला साडेतीन इंची हार्ड डिस्क जोडता येते. आपल्या मालकीच्या डिस्कची प्रत हार्ड डिस्कवर ठेवून खेळलं की लेन्सची झीज थांबते. वीस वर्षं जुन्या लेन्सच्या बाबतीत हा मोठा फायदा आहे. मूळ अॅडॉप्टरमध्ये आयडीई ही हार्ड डिस्कची जुनी जोडणी असते. आता आयडीई हार्ड डिस्क मिळणं कठीण झालं आहे, म्हणून त्यात साटा या नव्या जोडणीचा बोर्ड बसवून घेतात. बाजारात नुसत्या साटा जोडणीचे, नेटवर्कचा पोर्ट नसलेले नकली अॅडॉप्टरही येतात. हार्ड डिस्कपुरते ते पुरतात, पण संग्रहासाठी मूळच घ्यावा. ३०००० आणि ३९००० मालिकेतही बे आहे, पण त्यांचा आवाज जास्त आणि वयही जास्त. अगदी सुरुवातीच्या १०००० ते १८००० या जपानी कन्सोलना हा बे नाही. ते फक्त इतिहास म्हणून ठेवायचे असतील तरच घ्या.

स्लिम, म्हणजे नंतरची पातळ आवृत्ती, २००४ मध्ये ७०००० मालिकेने सुरू झाली. दिसायला सुंदर, नेटवर्क पोर्ट आतच, ट्रे नाही त्यामुळे ट्रेची दुखणी नाहीत. तरीही ७०००० पासून जपून राहा. लेन्स चालवणारी चिप बिघडून लेन्सची कॉइल जळणं ही या मालिकेची ओळखीची तक्रार आहे. कारण न शोधता नवी लेन्स टाकली तर तीही जळते, आणि दोष लेन्सच्या माथी जातो. ‘नुकतीच लेन्स बदलली आहे’ हे वाक्य म्हणूनच इथे कौतुकाचं नाही, चौकशीचं आहे. ७५००० पासून सोनीने आतला प्लेस्टेशन १ चा प्रोसेसर काढून त्याच्या जागी वेगळी चिप बसवली, त्यामुळे काही मोजके जुने गेम नीट चालत नाहीत. स्लिममध्ये माझी पसंती ७७००० किंवा ७९००० ला आहे. ९०००० मध्ये पॉवर सप्लाय आत आहे, बाहेर अॅडॉप्टरचा ठोकळा लोंबत नाही, मूळ डिस्क खेळणाऱ्याला ती सर्वांत सुटसुटीत. मात्र तिच्या लेबलवरचा डेट कोड ८सी किंवा त्यापुढचा असेल तर मेमरी कार्डवरून फ्री एमसीबूट (हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्हवरचे गेम चालवायचे प्रोग्राम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) सुरू होईलच असं नाही, ८डी पासून तर नाहीच. ७०००० ते ७९००० साठी ८.५ व्होल्टचा डीसी अॅडॉप्टर लागतो. लॅपटॉपचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा ‘बसतो म्हणून’ लावू नका, विक्रेत्याने लावला असेल तर त्याला आधी थांबवा.

स्लिमवर पेन ड्राइव्हने गेम चालवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचा यूएसबी पोर्ट १.१ आहे, म्हणजे जास्तीत जास्त १२ मेगाबिट, सेकंदाला दीड एमबीसुद्धा नीट नाही. डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला पाच एमबीच्या आसपास वाचते. म्हणून खेळ चालतो, पण मधले व्हिडिओ अडखळतात. पेन ड्राइव्ह बदलून हे सुटत नाही. स्लिममध्ये नेटवर्कवरून चालवणं जास्त बरं.

आपल्याकडच्या मालाचा खास प्रश्न चिपचा, म्हणजे कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून आत बसवलेल्या चिपचा. त्या काळी दुकानदाराने कन्सोल विकतानाच चिप बसवून देणं सर्रास होतं. बोर्डवर बारीक तारांचे दहा-वीस डाख द्यावे लागायचे आणि सगळेच कारागीर सारखे नव्हते. एक तार सुटली की कन्सोल कधी सुरू होतो, कधी काळ्या स्क्रीनवर अडकतो. कॉपी केलेल्या डिस्क वाचाव्यात म्हणून लेन्सवरचा बारीक पोटेन्शिओमीटर फिरवून तिची ताकदही वाढवली जायची, आणि तिथून लेन्सचं आयुष्य झरझर संपतं. तळाचं सील फाटलेलं, स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली तर चिप आहे असंच धरा. चिप असलेला कन्सोल वाईटच असतो असं नाही, पण त्याला न उघडलेल्या कन्सोलचा भाव देऊ नका.

तपासणीला कमीत कमी तीन डिस्क घेऊन जा. पीएसटूच्या लेन्समध्ये सीडी आणि डीव्हीडीसाठी वेगवेगळे लेझर आहेत, त्यामुळे एक प्रकार व्यवस्थित चालतो आणि दुसरा अजिबात वाचला जात नाही, असं नेहमी घडतं. चंदेरी डिस्क म्हणजे डीव्हीडी, निळ्या तळाची म्हणजे सीडी, काळ्या तळाची म्हणजे प्लेस्टेशन १ ची. डीव्हीडीसाठी गॉड ऑफ वॉर २ किंवा ग्रॅन टुरिस्मो ४ असेल तर उत्तम, कारण दोन्ही दुहेरी थराच्या डिस्क आहेत आणि थकलेली लेन्स पहिली मान टाकते ती दुसऱ्या थरावर. मेनू दिसला म्हणून समाधान मानू नका, पंधरा-वीस मिनिटं खेळा. गरम झाल्यावर वाचन अडखळतं का, ते तेव्हाच कळतं.

फॅट असेल तर क्रम असा ठेवा. मागचा मुख्य स्विच चालू करा, पुढचा दिवा लाल व्हायला हवा. रिसेट दाबा, हिरवा व्हायला हवा. ट्रे दोन-तीनदा उघडा-बंद करा. अडकत, कुरकुरत येत असेल तर बहुधा रबरी पट्टा सैल झालाय, हे स्वस्त काम आहे. डिस्क फिरते पण वाचली जात नाही, लेन्स स्वच्छ आहे, तर लेन्सचा कोन ठरवणारं पांढरं प्लॅस्टिकचं गिअर सरकलेलं असू शकतं. ते मूळ जागेवर आणता येतं, पण फिरवण्याआधी पेनाने खूण करा, नाहीतर मूळ जागा हरवते. लेन्स बदलायचीच वेळ आली तर ३०००० ते ५०००० मालिकांना केएचएस-४००सी मिळते.

मागच्या जाळीतून मोबाइलचा टॉर्च टाकून आत बघा. पंख्याच्या पात्यांवर राखाडी धुळीचा थर असणं ठीक आहे, तो निघतो. पण कडेला काळे दाणे आणि तपकिरी डाग दिसले तर आत झुरळांनी घर केलं होतं. पॉवर सप्लायची ऊब त्यांना आवडते, आणि त्यांची घाण बोर्डवरच्या तांब्याला खाते. असा कन्सोल आज चालला तरी घेऊ नका. मुंबई-कोकणात राहिलेल्या कन्सोलमध्ये आतल्या पत्र्याच्या कवचावर गंजही असतो. कडांवरचा हलका गंज चालतो, पोर्टच्या पिना हिरवट झाल्या असतील तर नाही.

स्लिममध्ये झाकण उघडून लेन्सखालून जाणारी चपटी रिबन बघा. ती वर उचलली गेली असेल तर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि डिस्कवर एकाच त्रिज्येचा गोल ओरखडा उमटतो. विक्रेत्याकडच्या डिस्कवर असे गोल ओरखडे दिसले तर आपली चांगली डिस्क त्यात टाकूच नका. (फॅटमध्येही गोल ओरखडे पडतात, पण बहुतेक वेळा उभा ठेवलेला कन्सोल डिस्क फिरत असताना हलवल्यामुळे.)

मेमरी कार्ड सोनीचं ८ एमबीचंच घ्या. ६४ आणि १२८ एमबीची नकली कार्डं सेव्ह खराब करतात. मूळ ड्युअलशॉक २ कंट्रोलरच्या पाठीवर एससीपीएच-१००१० छापलेलं असतं. नकली कंट्रोलर हलका असतो आणि बटणं किती जोराने दाबली हे ओळखत नाही, त्यामुळे गाड्यांच्या गेममध्ये वेग हळूहळू वाढवताच येत नाही. मल्टीटॅप (दोनपेक्षा जास्त कंट्रोलर जोडायचं उपकरण) घेताना लक्षात असू द्या, फॅटचा आणि स्लिमचा वेगळा आहे.

घरी आणल्यावर एलईडी टीव्हीला पिवळ्या पिनेने जोडून ‘चित्र किती फिकट’ म्हणून निराश होऊ नका. कंपोनंट केबल घ्या आणि कन्सोलच्या सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट हा पर्याय आरजीबीवरून वाय-सीबी-सीआरवर आणा. हे केलं नाही तर सगळं चित्र हिरवं दिसतं आणि लोक केबल परत करतात. मागे लावायचा छोटा एचडीएमआय अॅडॉप्टरही हाच सिग्नल घेतो, त्यामुळे त्यालाही हीच सेटिंग लागते. तो चित्र मोठं किंवा स्वच्छ करत नाही, फक्त जोडणी बदलतो, आणि काही टीव्ही प्लेस्टेशन १ चे गेम त्यातून दाखवत नाहीत. जुना ट्यूबचा टीव्ही सांभाळलेला असेल तर या कन्सोलला त्याच्याइतकं चांगलं काहीच नाही. गेम सुरू होताना ५० की ६० हर्ट्झ असं विचारलं तर ६० निवडा. जे पाल गेम विचारत नाहीत त्यातले काही मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने पळतात.

पाल कन्सोल असण्याचं आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. हैदराबादमध्ये तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ (२००९) आणि त्याच सुमाराचा ‘देसी अड्डा’ हे पीएसटूवरचे भारतीय गेम आहेत. खेळ म्हणून ते साधे आहेत, पण भारतीय संग्रहाच्या कपाटात त्यांची जागा पक्की आहे.

पीएसटूनंतर काय, हे थोडक्यात. प्लेस्टेशन ३ चा पहिला, चकचकीत फॅट मोह घालतो, पण पिवळा दिवा लागून कन्सोल बंद पडण्याचा दोष त्याच पिढीत सर्वांत जास्त. २०००, २१०० किंवा २५०० मालिकेचा स्लिम घ्या. हार्ड डिस्क लॅपटॉपचीच असते आणि घरी बदलता येते, गेमवर प्रदेशाची अट जवळपास नाही. एक्सबॉक्स ३६० घेताना मागच्या लेबलवर १२.१ अँपिअर वाचा, म्हणजे तो जास्पर बोर्ड, जुन्या आकारातला सर्वांत भरवशाचा. १६.५ लिहिलेला सोडा, तोच लाल दिवे लागून बंद पडणारा. पीएसपी घेताना मागचं झाकण नीट बसतं का बघा. वर उचललेलं असेल तर आत बॅटरी फुगली आहे, ती लगेच काढा आणि चार्जिंगला लावू नका. ‘रेट्रो’ म्हणून ऑनलाइन मिळणारे सहाशे गेमचे छोटे डबे संग्रहात धरू नका.

विकत घेतल्याच्या दिवशीच करायचं एक काम: फॅट उघडा. उलटा करून तळाच्या टोप्यांखालचे स्क्रू काढा, सुलटा करून वरचं कवच अलगद उचला. पुढच्या रिसेट-इजेक्ट बटणांची रिबन नाजूक आहे, कवच झटक्याने ओढलं की ती सुटते किंवा फाटते. धूळ ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून ठेवा. लेन्स ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा, रुळांवर पांढरं लिथियम ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं लावा, शिवणयंत्राचं तेल नको. घड्याळाची सीआर २०३२ बटण बॅटरी बदला. पावसाळ्यात कन्सोल हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा. डिस्क मात्र त्यात ठेवून देऊ नका, काढून तिच्या केसमध्ये ठेवा.