एल्ब्रुस: दक्षिणेकडून की उत्तरेकडून?

रशियातल्या कॉकेशस पर्वतरांगेतलं ५६४२ मीटरचं एल्ब्रुस शिखर गटासोबत चढायचं, तर बाजू आधी ठरवा.

दक्षिणेला पायथ्याच्या अझाऊपासून रोपवे सुमारे ३८५० मीटरपर्यंत नेतो. झोपायला गरम खोल्या, आणि पैसे मोजले तर शिखराच्या रात्री रॅट्रॅक, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, ५००० मीटरच्या आसपास सोडते. खरा धोका इथेच आहे. पाय वाचतात, पण शरीर उंचीला सरावलेलं नसतं. खोगीर, म्हणजे दोन शिखरांमधली खिंड, येईपर्यंत डोकं ठणकतं, उलट्या होतात. त्यामुळे आदल्या दिवसांत पास्तुखोव खडकांपर्यंत (सुमारे ४७०० मीटर) चालत जाऊन खाली येऊन झोपलंच पाहिजे.

उत्तरेला रोपवे नाही. सुमारे २५०० मीटरच्या तळावरून ३७५० च्या वरच्या कॅम्पला सामान दोन फेऱ्यांत न्यायचं. पाठ मोडते, पण विरळ हवेची सवय आपोआप होते. शिखराच्या दिवशी मात्र जवळपास १९०० मीटर चढ, वाटेत हिमभेगा, म्हणून दोर बांधूनच चालायचं. परतताना लेंझ खडकांजवळ धुकं उतरलं की वाट हमखास चुकते.

दुपारी बर्फ ओला होतो, क्रॅम्पॉनखाली, म्हणजे बुटांना बांधायच्या धातूच्या दातांखाली, गोळा साचतो आणि दात बर्फाला टेकतच नाहीत. आइस ॲक्सचा दांडा बुटाच्या कडेवर आपटून तो पाडत राहा. क्रॅम्पॉनचे पट्टे हातमोजे घालून बांधायचा सराव खोलीतच करा.

सुट्टी आठवड्याची असेल तर दक्षिण. दहा-बारा दिवस हाताशी असतील, तर आमचं मत ठामपणे उत्तरेला.