१९९६ ची बुलेट नव्यानं बांधली: १६ महिने, ११ हजार किलोमीटर आणि अँपिअर मीटरचा काटा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गगनबावड्याहून परत येताना साळवणच्या आसपास बुलेट चालता चालता बंद पडली. खोकली नाही, सायलेन्सरमध्ये फुटली नाही, दिवा विझावा तशी विझली. संध्याकाळचे सात वाजलेले आणि वरून बावड्याचा पाऊस. प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली, ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टोकं) असते तर झाकण काढून फडक्यानं पुसलं असतं, झिरो पेपरचा तुकडा फिरवला असता आणि पंधरा मिनिटांत कळे गावाच्या दिशेनं लागलो असतो. पण पॉइंटच्या जागी मीच हौसेनं बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट होतं. ती काळी सीलबंद डबी ना उघडता येते, ना पुसता येते. शेवटी कोल्हापूरला निघालेल्या एका टेम्पोवाल्यानं गाडी मागं दोरानं बांधून आणली. डिझेलपुरते ७०० रुपये घेतले, चहाचे मात्र मला देऊ दिले नाहीत.

गाडी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९९६ ची, एमएच ०९ पासिंग. ३४६ सीसी, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर, हे सगळं बुलेटवाल्यांना माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट), तेव्हा शाहूपुरीतल्या आमच्या पार्किंगमध्ये ती टाकीपर्यंत बुडाली. चिखल धुतला, तेल बदललं, पण पुढं आण्णा आजारी पडले, गेले, आणि गाडी तशीच ताडपत्रीखाली राहिली. गेल्या वर्षी मे महिन्यात ती पूर्ण खोलून बांधली.

बांधताना एकच गोष्ट धरून चाललो. लांबून बघणाऱ्याला काही बदललंय हे कळू नये, आणि जवळून ज्याला कळेल त्याला कंपनीनंच तसं दिलं असेल असं वाटावं. आण्णांना गाडी ओळखू आली पाहिजे, एवढंच. म्हणून अलॉय व्हील नाही, डिस्क नाही, रुंद हँडल नाही. रंग काळाच ठेवला. रंग बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते हे एक कारण, पण काळ्याशिवाय दुसरा रंग मनातच आला नाही.

आधी इंजिन. पुराच्या पाण्यानं बॅरलला, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याला, आतून खड्डे पडले होते. आमचे मेस्त्री ती घेऊन उद्यमनगरात गेले, मीही बरोबर गेलो. बोरिंग करणाऱ्या काकांनी बॅरल उजेडाकडं धरली, आत बोट घालून वरून खालपर्यंत नख ओढलं आणि म्हणाले, "वीसवर जायाचं न्हाई, चाळीस काढायला लागंल." म्हणजे आतून जास्त कापावी लागणार. मायक्रोमीटर नंतर लावला. त्यातही चाळीसच निघाले. होनिंग (आतून बारीक घासणं) झाल्यावर आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी उमटली होती. त्या रेघांत तेल धरून राहतं. ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे भाग करण्यात पिढ्या गेलेल्या माणसांच्या हातात बुलेटची बॅरल देताना मला जराही धाकधूक वाटली नाही. पिस्टन, रिंगा, बोरिंग, व्हॉल्व्ह सीट मिळून १४,५०० रुपये गेले. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर गेलो नाही. आज ११ हजार झाले, तेल खात नाही, सायलेन्सरमधून धूर नाही. पैसे वसूल.

पुढच्या ब्रेकबद्दल मात्र मत बदललंय. मूळचा सिंगल लीडिंग ड्रम मालवाहू टेम्पोच्या मागं उभं राहायच्या लायकीचा नव्हता. त्याच्या जागी बुलेटचाच ७ इंची ट्विन लीडिंग शू ड्रम बसवला. दिसायला त्याच घराण्यातला आहे, आणि थांबतो असा की पहिल्या आठवड्यात दोनदा मागच्या माणसाचं डोकं माझ्या पाठीवर आदळलं. सहा महिने मी सगळ्यांना हाच लावा म्हणून सांगत होतो. मग चैत्रात जोतिबाला जाताना चढावर गर्दीत अडकलो, पुढचा ब्रेक दाबून उभा राहिलो आणि गाडी हळूहळू मागं सरकायला लागली. यातल्या दोन्ही शू पुढं फिरणाऱ्या चाकाला घट्ट धरतात, पण चाक उलटं फिरायला लागलं की ती पकड राहत नाही. कुठंतरी वाचलं होतं, तरी पायाखाली कळायला जोतिबाचा चढ लागला. आता चढावर डावा पाय मागच्या ब्रेकवर ठेवूनच उभा राहतो. तरीही ठेवायच्या लायकीचा बदल आहे, फक्त बायकोला मागं बसवून डोंगर चढण्याआधी हे माहीत हवं.

हेडलाइटला एलईडी लावून बघितला. मूळच्या काचेवरच्या रेघा बल्बच्या तारेची जागा धरून पाडलेल्या असतात. एलईडीचा उजेड भलत्याच जागेवरून निघतो, त्यामुळे रस्त्यावर कमी आणि झाडावर जास्त पडला. वाघबीळच्या वळणावर धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहायची. ६०/५५ वॅटचा हॅलोजन लावला तर एकटा दिवाच पाच अँपिअर ओढतो, शहरातल्या सावकाश चालीत बॅटरी उतरते. शेवटी ३५/३५ चा हॅलोजन, नवी वायरिंग आणि रिले. उजेड भरपूर आहे. मूळ दिव्यात खोट नव्हतीच. इतक्या वर्षांच्या गंजलेल्या वायरीत आणि स्विचमध्येच बरीच ताकद खर्ची पडत होती.

सायलेन्सर मूळचा लांब. फटाके फोडणारा बसवून गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री उठवणं मला पटत नाही. असे सायलेन्सर पोलिसांनी काढून रोडरोलरखाली घातले ते बरंच झालं. बुलेटचा आवाज त्या मूळच्या सायलेन्सरमधूनच ऐकण्यासारखा आहे.

टाकीवरच्या सोनेरी रेघांसाठी तीन ठिकाणी फिरलो. सगळे स्टिकर लावून वर क्लिअर कोट मारतो म्हणत होते. लक्ष्मीपुरीत एक जुने पेंटर भेटले, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले. टाकी मांडीवर घेऊन बसले. लांब केसांचा बारीक ब्रश रंगात बुडवला, करंगळी टाकीच्या कडेला टेकवली आणि तीच पट्टी मानून पूर्ण रेघ एका श्वासात ओढली. मध्ये थांबले नाहीत. डावीकडची रेघ उजवीपेक्षा केसभर जाड आहे. पुसून परत काढू का विचारलं, मी नको म्हटलं. १,२०० रुपये घेतले, आणि सगळ्या कामात मला सर्वात स्वस्त वाटलेलं काम तेच.

टूलबॅगचे पट्टे मात्र चपला करणाऱ्याकडून बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचे करून घेतले, ते पहिल्याच पावसाळ्यात फुगून ताठ झाले. तेल चोळत बसावं लागतं. परत करणार नाही.

आता काट्याचं. हेडलाइटच्या वरच्या कवचात तो छोटा अँपिअर मीटर असतो, त्याकडं आजकाल कुणी बघत नाही. मी नववीत असताना आण्णांनी किक शिकवली ती त्या काट्यावर. किल्ली फिरवायची. काटा डावीकडं झुकतो, म्हणजे पॉइंट मिटलेले आहेत आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलला करंट जातोय. किक पायानं सावकाश दाबायची. घट्ट लागली की डीकॉम्प्रेशर (इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर) ओढून अजून जराशी खाली. काटा मध्यावर आला की थांबायचं. पॉइंट उघडले, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आला. डीकॉम्प्रेशर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच, मनापासून, खालपर्यंत. काटा आधीपासून मध्येच असेल तर तो एकदा डावीकडं जाऊन परत येईपर्यंत वाट बघायची. आण्णा म्हणायचे, "आधी इचार तिला, मग मार किक." ज्यानं विचारलं नाही त्याच्या घोट्यावर उलटी किक बसायची. आमच्या गल्लीत दोघांना प्लास्टर झालं होतं.

आणि गाडी स्लोवर उभी असताना तोच काटा इंजिनाच्या ठोक्याबरोबर थरथरतो. पॉइंट मिटतात, उघडतात, काटा तेवढा हलतो. मनगटावर नाडी बघावी तसं. थरथर एका लयीत नसेल तर पॉइंटकडं बघायची वेळ झाली, हे आण्णा गाडीवरून न उतरता सांगायचे.

किट बसवल्यावर पहिले तीन-चार महिने मी खूश होतो, हे मान्य करायला हवं. थंडीतसुद्धा दुसऱ्या किकला सुरू, स्लो एकसारखी, ॲव्हरेज ३४ वरून ३६. पॉइंटचा गॅप बघायची भानगड नाही. ४,८०० रुपये योग्य ठिकाणी गेले असं वाटलं. मग दिवाळीच्या आसपास एका सकाळी किल्ली फिरवली आणि लक्षात आलं की काटा हललाच नाही. या किटमध्ये इंजिन फिरत नसेल तर कॉइलचा करंट आपोआप तुटतो. कॉइल तापू नये म्हणून तशी सोय आहे, आणि चांगली सोय आहे. पण किक दाबून विचारावं तर उत्तर नाही. स्लोवरची थरथरही गेली. गाडी सुरू व्हायची, पण काटा मध्यावर मेल्यासारखा पडून असायचा. त्या दिवसापासून मला ते खुपायला लागलं, आणि एकदा खुपलं की रोज खुपतं. लांबून काही बदललेलं दिसू नये म्हणून रेघा हातानं काढून घेतल्या, आणि आण्णा रोज जिच्याशी बोलायचे तिची जीभच मी कापली होती.

जुलैमध्ये गाडी बंद पडल्यावर किटवरचा राग आधीपासून साठलेला होताच. ज्या दुकानातून घेतलं तिथं तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा पावती मागितली, दुसऱ्यांदा साहेब नाहीत, तिसऱ्यांदा "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, नवीन घ्या, १,५०० कमी करतो." मोटरसायकल पावसात चालते हे कोल्हापुरात बसून किट विकणाऱ्याला माहीत नसेल असं कसं म्हणावं? मी निघून आलो.

पण मेस्त्रींनी किट खोलून हातात दिलं तेव्हा माझं मत थोडं बदललं. "किट वाईट न्हाई लेका. ही वायर आत शिरती तिथला रबर बघ, जुनाच वापरलाय, चिरलाय. हितनं पाणी गेलं." बसवताना ग्रोमेट नवा घालायला हवा होता, आणि ते काम मेस्त्री बाहेरगावी असताना मी दुसरीकडं उरकून घेतलं होतं. म्हणजे अर्धा दोष बसवण्याचा. रोज घाईच्या कामाला गाडी लागते आणि पॉइंटला हात लावायचा नाही, त्यानं हे किट जरूर लावावं, फक्त तेवढं रबर बघून. मला मात्र काटा परत हवा होता. मेस्त्री दुसरं किट आणायला तयार होते, मी पॉइंट बसवा म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पॉइंटचा गॅप मोजायचा फिलर गेज काढला.

पॉइंटही निमूट बसले नाहीत. २३० रुपयांत पॉइंट आणि कंडेन्सर आणला, ३०० किलोमीटरमध्ये पॉइंट निळे पडून एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टोक. दोष कंडेन्सरचा. तो कमजोर असला की पॉइंट उघडताना मध्ये ठिणगी उडत राहते आणि तोंड जळतं. आजकाल बाजारात मिळणारे बरेच असेच निघतात. मेस्त्रींनी त्यांच्या ड्रॉवरमधला जुन्या स्टॉकचा एक काढला आणि इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, टाकीखाली कॉइलशेजारी बसवला. बाहेरून दिसत नाही. गॅप ०.३८ मिलिमीटर. त्यानंतर १,६०० किलोमीटर झाले, परवा उघडून बघितलं तर पॉइंटची तोंडं राखाडी, स्वच्छ. ॲव्हरेज परत ३४. दोन किलोमीटरचा तोटा मी डोळे उघडे ठेवून घेतलाय.

टूलबॉक्समध्ये आता एक जास्तीचा पॉइंट, तपासलेला कंडेन्सर, फिलर गेज, झिरो पेपरचे दोन तुकडे आणि सुकं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत आहे. सगळं मिळून पाचशेच्या आत. किट मेस्त्रींनी वाळवून, तपासून दिलं, ठिणगी व्यवस्थित देतंय. १२ व्होल्टच्या बुलेटला कुणाला हवं असेल तर दोन हजारांत देईन, नवा ग्रोमेट माझ्याकडून.