पेल्टिअर कूलर नऊ महिने वापरला: प्रोसेसर जास्तच थंड झाला तर काय होतं?

नऊ महिन्यांपूर्वी मी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा हवेचा कूलर काढून पेल्टिअर कूलर बसवला. नुकताच तो उतरवून जुनाच परत लावला. मधल्या काळात एक मदरबोर्ड गेला. घेण्याआधी मी खूप शोधलं होतं की भाग गरजेपेक्षा थंड झाले तर काही बिघडतं का, आणि जिथे तिथे एकच उत्तर मिळालं: जितकं थंड तितकं चांगलं. ते उत्तर अर्धंच आहे.

पेल्टिअर म्हणजे एक चपटी पट्टी. तिच्यातून वीज सोडली की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. गार बाजू प्रोसेसरवर टेकवायची आणि तापलेल्या बाजूची उष्णता पंख्यांनी बाहेर काढायची. साध्या कूलरला कितीही मोठा पंखा लावा, प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नाही. पेल्टिअरने होतो.

पहिले तीन महिने मी खूश होते. हवा कोरडी, खोलीत २४ अंश आणि मशीन नुसतं चालू असताना प्रोसेसर १२ अंशांवर. प्रोसेसरमधला सेन्सर वरच्या मर्यादेजवळ नेमका असतो, खालच्या टोकाला त्याच्यावर फार विसंबता येत नाही. म्हणून कूलरच्या प्रोसेसरला टेकणाऱ्या गार पत्र्याला मी वेगळं थर्मामीटर चिकटवलं. ते ९ दाखवत होतं.

पण व्हिडिओ रेंडरला लावला की चित्र पालटायचं. प्रोसेसर १४० वॅट ओढायला लागला की अर्ध्या तासात ६८ अंश. जुन्या कूलरवर ७२ यायचे. या चार अंशांसाठी कूलर स्वतः दीडशेहून जास्त वॅट खायचा आणि ती उष्णताही खोलीतच पडायची. काम नसताना नको इतका गारवा, आणि खरी गरज असताना जेमतेम. माझ्या मते या वस्तूचा मूळ दोष हाच.

मग हवा दमट झाली. एके दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर पंखे फिरले, स्क्रीन काळीच. कूलर उचलला तेव्हा प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या थर्मल पेस्टच्या कडेने बारीक थेंबांची रांग दिसली. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या चौकटीच्या कोपऱ्यात पाणी साठलं होतं. टॉर्च तिरका धरला तर दोन पिनांच्या बुडाशी हिरवट पूड. म्हणजे हे एका रात्रीत झालं नव्हतं, कित्येक दिवस आत ओल मुरत होती आणि मी मात्र स्क्रीनवरचे आकडे पाहून समाधानी होते.

हिशोब मी तेव्हा मांडला, आधी मांडायला हवा होता. खोलीत २७ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू येतो २१ अंशांच्या आसपास. त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरणारच, आणि माझा पत्रा होता १० अंशांवर. सुरुवातीच्या महिन्यांचं गणित केलं तेव्हा तर धस्सच झालं: २४ अंश आणि ३५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू साडेसात. ते तीन महिने मी फक्त दीड अंशाने वाचले होते.

थंडीने चिप मरत नाही, हे मात्र खरं. ओव्हरक्लॉकिंग करणारे, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणारे, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनवर प्रोसेसर पळवतात. काही प्रोसेसर एका ठरावीक तापमानाखाली अडून बसतात, त्याला कोल्ड बग म्हणतात. थोडं गरम होऊ दिलं की ते पुन्हा चालतात. १९८०च्या दशकातल्या ईटीए-१० या सुपरकॉम्प्युटरच्या मोठ्या मॉडेलांचे प्रोसेसर तर द्रव नायट्रोजनमध्येच बुडवलेले असत. थंडीचा त्रास होतो तो चिपच्या आजूबाजूच्या वस्तूंना. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गारठला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, क्षमता घटते. हार्ड डिस्कच्या बेअरिंगमधलं तेल घट्ट होतं. अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याची खालची मर्यादा ५ अंश दिलेली असते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, ती कायमची खराब होते.

नवा मदरबोर्ड आल्यावर सॉकेटभोवती निओप्रीन फोम लावला, उघड्या जागी वीज न वाहणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या ३ अंश वर राहील असं कूलरच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवून दिलं. दव थांबलं. पण दमट दिवसांत पत्रा २४ अंशांवर, म्हणजे खोलीपेक्षा जेमतेम ३ अंश खाली. एवढ्यासाठी दीडशे वॅट जाळायचे? शेवटी उतरवला.

फक्त खोली थंड असेल तर घाबरू नका. माझं जुनं मशीन हिवाळाभर बिनहीटरच्या खोलीत ४ अंशांत होतं आणि चालू असताना ते स्वतःच्याच उष्णतेने भोवतालापेक्षा गरम राहायचं, त्यामुळे दव धरलं नाही. दोन आठवडे बंद ठेवलं तेव्हा मशीनमधलं घड्याळ सुमारे २० सेकंद मागे पडलं, कारण त्यातला क्वार्ट्झ स्फटिक साधारण २५ अंशांसाठी जुळवलेला असतो. ते मशीन उबदार खोलीत आणलं तेव्हा मात्र चार तास प्लग लावला नाही. केसच्या पत्र्यावर बोट फिरवलं तर ओली रेघ उमटत होती. ती पूर्ण सुकेपर्यंत थांबले.