नाचण्यातला पीजी (रत्नागिरी): ५ पैकी ३ स्टार

मिरजोळे एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांना जागा सोयीची आहे, पाणी दोन्ही वेळ येतं आणि मालकीणकाकू खरंच चांगल्या, लाईट गेली की स्वतः वर येऊन विचारपूस करतात. पण पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे वाळता वाळत नाहीत, चादरींना कुबट वास येतो आणि एका कॉटचे साडेतीन हजार, म्हणजे नुकत्याच लागलेल्या पोराच्या पगारातला मोठा हिस्सा इथेच संपतो.

म्हणून मला मनापासून वाटतं की सरकारने तरुणांना भाड्यासाठी मदत द्यायलाच हवी! पीएम आवास शहरी २.० मध्ये होमलोनवर व्याजसवलत आहे, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख, पण ती घर विकत घेणाऱ्याला, आणि त्यातही कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. आता राजापूरकडे आमचं चिरेबंदी घर आहे ना, पण तिथून रोज शिफ्टला कसं येणार? काम जिथे तिथेच राहावं लागतं.

घ्यायचीच असेल तर रस्त्याकडची खोली मागा, तिला दोन खिडक्या आहेत, ओल जरा कमी.