तारलीचे कळप ओळखायचे: कानातला खडा की डीएनए?

रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या भाचीचा प्रश्न: रापणीतली (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातली) तारली आणि खोल पाण्यातली पर्ससीनची (बोटीवरून कळपाला घेरायच्या जाळ्यातली) तारली एकाच साठ्यातली, म्हणजे एकाच समूहातली का, हे कशावरून शोधू?

खर्चात माशाच्या कानातला खडा (ओटोलिथ) उजवा. डोकं चिरलं की चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा निघतो. धुऊन, वाळवून कुपीत ठेवला की वर्षानुवर्षं टिकतो. पुढे सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी. डीएनएला पराचा तुकडा अल्कोहोलात ठेवला की झालं, पण प्रयोगशाळेचं बिल मोठं.

खरा फरक उत्तरात आहे. खडा जन्मापासून थरांनी वाढतो, म्हणून त्या माशाचं स्वतःचं आयुष्य सांगतो. डीएनए पिढ्यांचं नातं सांगतं. पिढीमागे मोजकेच मासे इकडचे तिकडे गेले तरी साध्या जनुकीय खुणांतला फरक पुसट होतो; तेवढ्यावर 'साठा एकच' म्हणून मासेमारीचे नियम ठरवणं मला धोक्याचं वाटतं. तारलीच्या नात्यातलं हेरिंग बघा. डेन्मार्कजवळच्या स्कागेराक-कॅटेगॅट या समुद्रपट्ट्यांत उत्तर समुद्रातलं शरदात जन्मलेलं आणि पश्चिम बाल्टिकचं वसंतातलं हेरिंग एकत्र चरतं. खड्यातल्या सुरुवातीच्या थरांवरून ते वेगळं काढता येतं.

थोड्या पैशांत, एका हंगामात प्रबंध संपवायचा तर खडा घ्यावा. कोकण ते केरळ वंश जुळतो का, हे विचारायचं तर डीएनए.