₹९० चा खिशातला इंग्रजी-मराठी शब्दकोश: स्पेलिंगपुरता ठीक

माझ्याकडे शिकवणीला दहावीचे पोट्टे येतात. गावात नेटवर्क कधी असते, कधी नसते, म्हणून देवळीच्या बाजारातून हा कोश आणला. प्रकाशकाचे नाव लिहीत नाही. कव्हर पाहून ओळखाल: लाल रंग, वर ‘परीक्षेसाठी उपयुक्त’.

आकार झकास, शर्टाच्या खिशात बसतो. अक्षर बारीक आहे, पण लाइट गेल्यावर टॉर्चमध्येही वाचता येते. खरी रड अर्थांची. कन्फ्यूजन पाहा: गोंधळ. बिविल्डरमेंट: गोंधळ. परप्लेक्सिटी: गोंधळ. मडल: तेही गोंधळच! एका पोट्ट्याने विचारलेच, “सर, अर्थ एकच हाय, मंग इतके शब्द काहून केले?”

त्याला जे सांगितले, ते कोशात एकेका ओळीत मावले असते. कन्फ्यूज मुळात लॅटिन, एकत्र ओतणे. म्हणून एकाला दुसरा समजलो, तर ‘आय कन्फ्यूज्ड हिम विथ हिज ब्रदर’ चालते. तिथे बिविल्डर चालत नाही. बिविल्डर म्हणजे मुळात वाट चुकवणे. रात्री वावरातून येताना माणूस फिरून फिरून त्याच धुऱ्यावर येतो, त्याला आपण चकवा लागला म्हणतो ना, तसे. मग ‘बिविल्डर्ड बाय’ कुठे येते, हे पोरांना वेगळे समजवावे लागले नाही. परप्लेक्समध्ये कोडे सुटत नाही, डोके चालूच असते. मडल म्हणजे कागदपत्रांचा, हिशेबाचा घोळ.

कोशात वापराचे वाक्य एकही नाही. ‘आय ॲम कन्फ्यूजिंग’ लिहिणाऱ्या पोराला ‘कन्फ्यूज्ड’ कुठे दाखवायचे? ते रूपच दिलेले नाही.

त्यात उच्चार छापलाय ‘बिवाइल्डर’! वाइल्डवरून ओढलेला असणार. ‘विल्डरनेस’चेही तेच, ‘वाइल्डरनेस’. पोट्टे जे छापलेले तेच घोकतात, म्हणून मी दोन्हीवर पेनाने काट मारली.

बायंडिंग कच्चे आहे. ‘एस’ची पाने पहिल्याच पावसाळ्यात सुटली, आता रबर लावून ठेवतो. पाचवी-सहावीच्या लेकराला स्पेलिंग पाहायला घ्यायचा असेल तर घ्या. दहावीच्या पुढे वापरणाऱ्याने थोडे पैसे जास्त घालून वाक्ये असलेला कोश घ्यावा. आणि दुकानातच दोन-चार पाने उघडून पाहा, विकलेला माल तिथे परत घेत नाहीत.