शेंग वानमधलं जुनं कँटनीज रेस्टॉरंट: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नोकरीमुळे हाँगकाँगला राहायला आल्यापासून शेंग वानमधल्या एका जुन्या कँटनीज, म्हणजे दक्षिण चीनमधल्या कँटन भागाच्या पद्धतीच्या, रेस्टॉरंटात माझं नियमित जाणं आहे. कधी एकटा, कधी बायकोबरोबर, कधी ऑफिसातल्या मंडळींबरोबर. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय या भागात अशा चार-सहा जागा अजून तग धरून आहेत आणि खालचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. एकदाच जाऊन लिहिलेली परीक्षणं मी भरपूर वाचली. त्यांत दोनच सूर असतात, ‘काय अस्सल चव’ किंवा ‘काय उद्धट वेटर’. दोन्ही खरं आहे, पण त्यातून जायचं कधी ते कळत नाही, आणि इथे बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

सकाळची वेळ यम चाची, म्हणजे चहा आणि त्याबरोबर डिमसम, बांबूच्या टोपल्यांत वाफवलेले छोटे छोटे पदार्थ. दारात हसून स्वागत वगैरे होत नाही. किती माणसं ते बोटांनी दाखवायचं. एकटे असाल तर अनोळखी लोकांच्या गोल टेबलावर बसवतात. याला दाप तोय म्हणतात आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. माझ्या वाट्याला बहुधा दोन-तीन आजोबा येतात, घोड्यांच्या शर्यतीच्या पानात डोकं घातलेले. सुरुवातीला ते माझ्याकडे बघायचेही नाहीत. आता किटली माझ्याकडे सरकवतात. इथल्या हिशेबाने ही बरीच जवळीक झाली.

बसल्याबसल्या पहिला प्रश्न येतो तो चहाचा. बो-ले म्हणजे पु-अर, आंबवलेला चहा, काळपट रंगाचा, पावसात भिजलेल्या लाकडासारख्या वासाचा. तेलकट खाण्यावर तोच घ्यावा. साउ मेय हलका असतो, तिट गुन याम उलाँगमधला, आणि हेउंग पिनला जाईचा वास. शेवंतीची फुलं घातलेला बो-ले म्हणजे गुक बो. उन्हाळ्यात मी तोच घेतो. दूध-साखर विसरा. चहाचे पैसे माणशी लागतात, तुम्ही एक घोट घेतला नाहीत तरी. पहिल्या वाफाळत्या चहात वाट्या, चमचे, चॉपस्टिक विसळून ते पाणी मोठ्या भांड्यात ओतायचं. भांडी स्वच्छच असतात, पण ही सवय जात नाही आणि आता मलाही लागली आहे. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, हाका मारायच्या नाहीत. कोणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं, तोच धन्यवाद. चीनचा चियनलुंग बादशहा वेश पालटून फिरत असताना त्याने नोकराच्या कपात चहा ओतला, लोटांगण घातलं तर बिंग फुटेल म्हणून नोकराने बोटंच टेकवली, अशी गोष्ट सांगतात. खरं-खोटं देव जाणे. तोंडात घास असताना मात्र ही पद्धत फार सोयीची.

आता बहुतेक ठिकाणी कागदावर खुणा करून डिमसम मागवतात. इथे सकाळी अजून ढकलगाड्या फिरतात. टेबलावर एक कार्ड मिळतं, त्यावर लहान, मध्यम, मोठं, विशेष असे रकाने असतात आणि टोपली घेतली की गाडीवाल्या मावशी शिक्का मारतात. नवखी माणसं गाडी आपल्यापर्यंत येण्याची वाट बघत बसतात. रोजची मंडळी तसं करत नाहीत. स्वयंपाकघराचं दार उघडलं की कार्ड घेऊन थेट गाडी गाठतात, झाकण उचलून बघतात आणि हवं ते घेऊन परततात. तुम्हीही तसंच करा. यात असभ्य काही नाही, उलट बसून राहिलात तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत उरते ती निवलेली टोपली.

हे इतकं ताणून सांगतोय ते हार गावसाठी. कोळंबीचं हे डंपलिंग, म्हणजे सारण भरून वाफवलेली पुरचुंडी. त्याची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते, त्यात थोडं टॅपिओका. ग्लुटेन काढून टाकल्यामुळे वाफेवर ती जवळजवळ पारदर्शक होते आणि आतली गुलाबी कोळंबी दिसते. चुण्या निदान सात तरी हव्यात, कसलेले आचारी दहाच्या पुढे जातात. झाकण काढल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत खाल्लं तर पारी किंचित ताणली जाते आणि तुटते, कोळंबी दाताखाली कचकन फुटते, मधेच बांबूच्या कोंबाचा बारीक तुकडा लागतो. तेच दहा मिनिटांनी उचलायला गेलात तर पारी खालच्या कागदाला चिकटते, बूड फाटतं आणि रस टोपलीत जातो. पदार्थ तोच, आचारीही तोच. रात्री आठला याच जागी मिळालेला हार गाव मी कोणाला खाऊ घालणार नाही.

सिउ माय, म्हणजे पोर्क आणि कोळंबीचं उघड्या तोंडाचं डंपलिंग, उशीर झाला तरी निभावून नेतं. चार सिउ बाव हा वाफवलेला पाव मऊ, वर फुटलेला, आत चार सिउ, म्हणजे भट्टीत भाजलेलं गोडसर पोर्क. मुलांना हमखास आवडतो. कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात, लो माय गाय, दोघांत एक पुरे, नाहीतर पुढचं काही जाणार नाही. फुंग जाव म्हणजे कोंबडीचे पाय, आधी तळून, मग भिजवून, शिजवून, काळ्या आंबवलेल्या सोयाबीनबरोबर वाफवलेले. चघळायचं आणि हाडं ताटलीत टाकायची. बायको आजही तोंड फिरवते. मला आवडतात.

दुपारी बाराच्या सुमाराला भट्टीचं मांस कापायला सुरुवात होते. काचेमागे हंस, बदक, सिउ युकचं कुरकुरीत सालीचं डुक्कर आणि चार सिउच्या पट्ट्या टांगलेल्या. चार सिउ नुसता मागवला तर समोर येईल ते खावं लागतं. ‘बुन फेय साउ’ म्हणालात, अर्धी चरबी अर्धं मांस, की सुरी उचलणारा माणूस एकदा मान वर करून बघतो आणि बरा तुकडा शोधतो. कडेचा काळपट, जळका, माल्टोजच्या पाकाने चकाकणारा भाग मिळाला तर त्या दिवशी दुसरं काही मागवू नका. एका संध्याकाळी हाच चार सिउ गार आणि कडक आला. दुपारचा उरलेला होता हे उघड होतं. परत पाठवला, बदलून मिळाला, बदललेलाही तसाच होता.

आपल्याकडच्या ‘चायनीज’ची सवय घेऊन येणाऱ्यांची इथे पहिल्यांदा निराशा होते. शेजवान नाही, मंचुरियन नाही, आलं-लसणाचा भडिमार नाही. तिखट म्हणून वाटीभर एक्सओ सॉस मिळतो. हा १९८० च्या दशकात हाँगकाँगमध्येच निघालेला, सुक्या शिंपल्यांचा, सोड्यांचा आणि हॅमचा. कोकणातल्या माणसाला सोड्यांचा वास लगेच ओळखू येतो.

रात्रीच्या जेवणात दोन गोष्टी चुकवू नका. एक, त्या दिवशीचं सूप. कधी कमळाची मुळं आणि शेंगदाणे, कधी वॉटरक्रेसची पालेभाजी आणि डुकराची हाडं, तीन-चार तास मंद आचेवर. दिसायला गढूळ पाणी, पण त्याला दुसऱ्या कशाची चव नसते, आत घातलेल्याचीच असते. मोठं भांडं एकच चढवतात, उशिरा गेलात तर संपलेलं असतं.

दुसरी गोष्ट मासा. टाकीतला जिवंत मासा जाळीत धरून टेबलापाशी आणतात, पसंत केला की आत नेतात. ग्रुपर असेल, म्हणजे आपल्या हेकरूच्या जातीतला, तर आलं आणि कांद्याच्या पातीबरोबर अख्खा वाफवतात, वर कडकडीत तेल आणि पातळ सोया सॉस. काट्यालगतचं मांस जेमतेम सुटतं, तिथे गुलाबी छटा राहिली पाहिजे. दोन मिनिटं जास्त झाली की भुसभुशीत होतं. वरची बाजू संपली की मासा उलटा करायचा नाही, काटा उचलून काढायचा. मासा उलटला की होडी उलटते, अशी कोळ्यांची समजूत.

रत्नागिरीहून आई आली होती तेव्हा तिला इथेच नेलं. एरवी ताटल्या आपटणाऱ्या म्हाताऱ्या वेटरने दोन चमच्यांनी माशाच्या गालाचं मांस अलगद सोडवलं आणि न विचारता तिच्या वाटीत घातलं.

“कळतंय हो याला,” आई म्हणाली. दोन घास खाऊन पुढे, “हळद नाही, कोकम नाही, पण मासा ताजा आहे. मसाला कशाला लागतोय?”

एवढं बोलून तिने सोया सॉस भातावर ओतला आणि पुढे अर्धा तास काही बोलली नाही.

याच माशावरून तक्रारही. माशाचा भाव रोज बदलतो, मेनूवर छापलेला नसतो आणि वजन किलोत नसतं. एक गन म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम, त्याचे सोळा भाग केले की एक लेउंग, जेमतेम ३८ ग्रॅम. भाव गनचा सांगितला की लेउंगचा, हे आधी विचारून घ्या. आमच्या एका बिलात सांगितलेल्यापेक्षा जास्त वजन लागलं होतं. दाखवल्यावर मॅनेजरने पेन काढून आकडा दुरुस्त केला. दिलगिरीचा शब्द नाही. तसंच, बसताच टेबलावर येणारे शेंगदाणे किंवा लोणचं फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत द्या. रविवारी दुपारी दीड तासाची मर्यादा असते आणि ती संपायच्या आधीच कोणीतरी तुमच्या खुर्चीमागे येऊन उभं राहतं. इंग्रजी मेनूत भिंतीवरच्या लाल कागदांवरचे निम्मे पदार्थ नसतात. आजची खास वस्तू तिथेच लिहिलेली असते. फोटो काढून फोनवर भाषांतर करा, किंवा मी करतो तसं शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवा.

शाकाहारी मंडळींना स्पष्टच सांगतो, मुद्दाम येण्यासारखी ही जागा नाही. मुळ्याच्या वड्यांत सॉसेज आणि सुकी कोळंबी असते, अळकुडीच्या कुरकुरीत वड्यांत पोर्क, साध्या वाफवलेल्या पालेभाजीवर ऑयस्टर, म्हणजे कालवांचा, सॉस. तरी उपाशी राहणार नाही. फु यू घातलेली ओंग चोय मागवा. ओंग चोय म्हणजे आपली नाळीची भाजी आणि फु यू म्हणजे आंबवलेलं टोफू. तळलेल्या पिठाची कांडी तांदळाच्या मऊ पोळीत गुंडाळलेली जा लेउंगही चांगली. पालेभाजी मागवताना ‘म-यिउ हो-याव’, ऑयस्टर सॉस नको, एवढं पाठ करा. जैन जेवणाची आशा मात्र नको.

थंडीत मातीच्या भांड्यातला भात येतो, वर लाप चियोंग, म्हणजे सुकवलेलं पोर्क सॉसेज. आधी वरचं खा, मग बुडाची खरवड सोया सॉस घालून खरवडून काढा. सर्पाचं सूपही थंडीतच मिळतं. ते मी चाखलेलं नाही आणि चाखणारही नाही.

खर्चाचं म्हणाल तर डिमसमची टोपली साधारण २५ ते ४५ हाँगकाँग डॉलर, वर माणशी चहा आणि दहा टक्के सेवा आकार. दोघांचं सकाळचं खाणं पोटभर होतं आणि मध्यम दर्जाच्या हॉटेलातल्या नाश्त्यापेक्षा स्वस्त पडतं. रात्री मासा मागवलात तर हिशेब पार बदलतो. याहून शांत, लाकडी तावदानं असलेली जागा हवी तर स्टॅनली स्ट्रीटवरचं लुक यू टी हाउस आहे, १९३३ पासूनचं, पण महाग. फोर सीझन्स हॉटेलातलं लुंग किंग हीन हे रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडच्या २००९ च्या आवृत्तीत तीन तारे मिळवणारं पहिलं चिनी रेस्टॉरंट. तिथे मी साहेबांच्या खर्चाने गेलो. हार गाव निर्दोष होता, पण कोणी किटली सरकवली नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी साडेआठच्या आत पोहोचा, स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मिळतंय का बघा आणि कार्ड हातातून सोडू नका. सकाळ जमत नसेल तर दुपारी दोननंतर जा, डिमसमवर सूट असते आणि गर्दी ओसरलेली असते. गाड्या तेव्हा बंद असतात, पण कागदावर मागवलेलं ताजं वाफवून आणतात. पैसे रोख ठेवा.